साहेबांनी पाहिले

शनिवारी पहाटे पाच चाळीसला फोन वाजला. अशा अवेळी फोन वाजला की आमच्या घरात दोनच शक्यता धरल्या जातात. एक तर नात्यातलं कुणीतरी गेलं, नाहीतर मी ऑफिसात काहीतरी करून ठेवलं. बायकोने डोळे न उघडता विचारलं, "कोण?" मी स्क्रीनवरचं नाव वाचलं आणि म्हणालो, "दूध."

"म्हणजे तूच," असं म्हणून तिने पांघरूण डोक्यावर ओढलं.

फोनवर नाना होते. संगमनेरच्या पलीकडे एका गावात दूध संकलन केंद्र आहे, त्याचे ते सचिव. मी ज्या कंपनीत कोड लिहितो तिने एका दूध संघासाठी संकलनाचं अ‍ॅप केलं आहे. ते नानांच्या केंद्रावर एका टॅबवर चालतं. शेतकरी दूध घेऊन येतो, मशीन फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ) सांगतं, टॅब दरपत्रकात बघून रक्कम काढतो आणि पावती टर्रकन बाहेर येते. निदान शुक्रवारपर्यंत येत होती.

"साहेब, पावती निघंना," नाना म्हणाले. "टॅबवर तांबड्या रंगात काहीतरी इंग्रजी आलंय. मधोमध कावळ्याची चोच काढलीय."

"चोच?"

"चोच. डावीकडं तोंड केल्याली."

मी अंथरुणात उठून बसलो. ही चोच म्हणजे '<' हे चिन्ह. संगणकांनी एकमेकांना माहिती द्यायच्या दोन रुळलेल्या पद्धती आहेत. जेसन ही सुटसुटीत पद्धत, ती बहुधा महिरपी कंसाने सुरू होते. एक्सएमएल ही जुनी आणि भारदस्त, ती या चोचीने सुरू होते. नानांचं अ‍ॅप जेसन वाचायच्या तयारीने बसलं होतं आणि पहिल्याच घासाला खडा लागावा तशी त्याला चोच लागली होती. म्हणून ते 'अनपेक्षित चिन्ह, अनपेक्षित चिन्ह' असा गळा काढत होतं. मला मात्र ते चिन्ह अजिबात अनपेक्षित नव्हतं. आदल्या संध्याकाळी मीच ते तिथे नेऊन बसवलं होतं. तेही कौतुकाने.

त्या कौतुकाची हकिगत आधी सांगतो.

दोन आठवड्यांपूर्वी संघाच्या लेखा विभागाकडून निरोप आला की दरपत्रक आम्हाला एक्सएमएलमध्येही हवं. त्यांचा हिशोब टॅलीत असतो आणि टॅली एक्सएमएल आत घेतं. मागणी रास्त होती. आमच्या मॅडम म्हणाल्या, "एक वेगळा पत्ता कर. शेवटी 'एक्सएमएल' असं जोड आणि मोकळा हो. अर्ध्या दिवसाचं काम."

इथे शहाण्या माणसाने मान डोलावली असती. मी उठलो आणि व्हाइटबोर्डकडे गेलो. मी मार्करचं टोपण काढलं की आमच्या टीममधली दोन-तीन मंडळी पाण्याची बाटली भरायला जातात. त्या दिवशीही गेली.

"वेगळा पत्ता करणं अशुद्ध आहे," मी सुरुवात केली. "दरपत्रक एकच, तर पत्ताही एकच हवा. ते कोणत्या रूपात द्यायचं, हे मागणाऱ्याने सांगायचं. एचटीटीपीत त्याची सोय आहे."

सोय आहे, हे खरं. ब्राउझर किंवा अ‍ॅप सर्व्हरकडे काही मागतं तेव्हा मागणीबरोबर 'अ‍ॅक्सेप्ट' नावाची एक ओळ जाते. पंगतीला बसतानाच पाहुण्याने वाढप्याच्या हातात चिठ्ठी द्यावी, तशी. जिलबी असेल तर जिलबी द्या. नसेल तर श्रीखंड, पण माझी त्यावर वासना जराशी कमी, ०.९. तेही नसेल तर जे असेल ते, ०.५. कारल्याची भाजी, ०. या आकड्याला 'क्यू' म्हणतात. तो ० ते १ च्या मधला, दशांशचिन्हानंतर तीन स्थळांपर्यंत, आणि लिहिलाच नसेल तर पूर्ण १ धरायचा. क्यू ० म्हणजे 'नकोच'. मराठी पंगतीत हा आकडा चालत नाही. आपल्याकडे शून्याला आग्रहाने गुणलं की एक वाटी होते. एचटीटीपीत मात्र शून्याचा मान राखतात.

वाढप्याकडे चिठ्ठीतलं काहीच नसेल तर तो '४०६' म्हणतो. म्हणजे तुम्हाला चालेल असं आमच्याकडे काही नाही. पण तसं म्हणायलाच हवं अशी सक्ती नाही. चिठ्ठीकडे काणाडोळा करून त्याने जे शिजलंय ते वाढलं, तरी नियमाला चालतं. आणि ज्याला निवडीची कटकटच नको असते, तो चिठ्ठीवर फक्त '*/*' लिहितो. याचा उच्चार 'काहीही चालेल' असा करावा.

मग मी इतिहासात शिरलो. टेक्स्ट/एचटीएमएल, इमेज/जेपेग ही तिरक्या रेघेची नावं मुळात वेबची नाहीतच, ती ई-मेलमधून आली. १९९२ साली नॅथॅनियल बोरेनस्टीन आणि नेड फ्रीड यांनी माइम नावाचं मानक लिहिलं, कारण तोवर ई-मेल म्हणजे साधा मजकूर. त्याच वर्षी ११ मार्चला बोरेनस्टीनने जोडपत्रांसह एक ई-मेल पाठवला. त्यात काय होतं? तो ज्या चार जणांत गायचा त्या चौकडीचा फोटो, आणि त्यांचंच गाणं. म्हणजे जगाला पुढे जोडपत्रांचा जो ताप झाला, त्याची सुरुवातच एका हौशी गायकाने आपलं गाणं लोकांना ऐकायला लावण्यातून झाली. हे सांगताना मी स्वतःच हसलो. खोलीत तेव्हा मॅडम आणि एसी एवढेच उरले होते.

"छान," मॅडम म्हणाल्या. "किती दिवस लागतील?"

"दोन आठवडे."

"आणि वेगळा पत्ता केला तर?"

"अर्धा दिवस. पण ते..."

"अशुद्ध आहे. कळलं." त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. ते काय होतं हे मला दोन आठवड्यांनंतरच्या सोमवारी कळणार होतं.

प्रत्यक्षात काम निघालं पाच ओळींचं. आम्ही स्प्रिंग बूट वापरतो. त्यात जॅक्सनची एक्सएमएल लिहिणारी जोड-लायब्ररी नुसती यादीत टाकली की सर्व्हर आपणहून एक्सएमएल बोलू लागतो. जेसन मागितलं की जेसन, एक्सएमएल मागितलं की एक्सएमएल. बाकी एक ओळ लिहावी लागत नाही. उरलेले तेरा दिवस मी त्या पाच ओळींवर टिपण लिहिलं.

चाचण्याही लिहिल्या. एका चाचणीत चिठ्ठीवर जेसन, दुसऱ्या चाचणीत एक्सएमएल. दोन्ही हिरव्या. मग शुक्रवारी संध्याकाळचं संकलन उरकल्यावर, साडेआठला, मी नवा कोड सोडला. शुक्रवारी कोड सोडू नये, हे आमच्या धंद्यात अमावास्येला नवं काम काढू नये इतकं सर्वमान्य आहे. पण मी अंधश्रद्धा मानत नाही.

आमच्या सर्व्हरच्या पुढे एक कॅशे बसलेला असतो. दरपत्रक काही रोज बदलत नाही, मग शेकडो केंद्रांनी सर्व्हरला पुन्हा पुन्हा तेच विचारून कशाला दमवायचं? पहिल्याने विचारलं की सर्व्हर उत्तर देतो, कॅशे त्याची प्रत ठेवून घेतो आणि पुढचे बारा तास जो येईल त्याच्या हातात तीच प्रत ठेवतो. त्या रात्री मी रीतीप्रमाणे जुनी प्रत पुसली आणि क्रोममध्ये दरपत्रकाचा पत्ता टाकला. पडद्यावर एक्सएमएलचं झाड उभं राहिलं, चोचीच चोची. गायीच्या दुधाचा ३.५ फॅट, ८.५ एसएनएफचा दर एका चोचीत, म्हशीचा ६.० आणि ९.० चा दुसऱ्या. मग मी 'कर्ल' ही आज्ञा थेट आतल्या सर्व्हरवर चालवली, तर तिथे जेसन. एकाच पत्त्यावर दोन रूपं! मी लॅपटॉप मिटला आणि घरी जाताना स्वतःला बक्षीस म्हणून पाव किलो खरवस घेतला.

आता परत शनिवारची पहाट.

"नाना, दोन मिनिटं द्या," मी म्हणालो आणि लॅपटॉप पोटावर घेऊन कर्ल चालवलं. जेसन. शुद्ध, सात्त्विक जेसन. मग मी तोंडातून ते वाक्य काढलं, जे उच्चारल्याशिवाय आमच्या धंद्यात कुणाला बढती मिळत नाही. "माझ्याकडे तर चालतंय."

"तुमच्याकडं दूध कितीचं येतं साहेब?" नानांनी विचारलं. त्यांच्या आवाजात खोच नव्हती, हेच जास्त लागलं.

"कॅश क्लिअर करून बघतो," मी म्हणालो. कॅशेला आमच्याकडे सगळे कॅशच म्हणतात.

"कॅश नको साहेब. बिल दहा दिवसांनी बँकेत जमा होतं. पाच तारखेचं झालं. आता पावती तेवढी काढा."

मी कॅशे पुसला. मग खात्री करायला फोनवरच्या क्रोममध्ये दरपत्रक उघडलं. चोची दिसल्या. ब्राउझरला एक्सएमएल येतं हे मला कालपासून माहीत होतं, त्यामुळे त्या चोची बघून मला धीरच आला. म्हटलं, सर्व्हर ठणठणीत आहे. "नाना, आता बघा."

"बंद."

साडेसहाला पुन्हा तेच. पुसलं, पाहिलं, चोची, धीर, "आता बघा", "बंद." तोवर माझा संशय दरपत्रकावर गेला होता. म्हटलं, फाइलच खराब झाली असेल, नव्याने चढवू. घाईघाईत कर्लनेच ती सर्व्हरला पाठवली तर उत्तर आलं '४१५'. हा ४०६ चा चुलतभाऊ. ४०६ म्हणतो, तुला हवं ते माझ्याकडे नाही. ४१५ म्हणतो, तू आणलंस ते मी घेत नाही. पाठवणाऱ्याने आत काय आहे हे 'कंटेंट-टाइप' या ओळीत लिहायचं असतं. ती लिहायला विसरलं तर कर्ल आपल्या मनाने 'हा वेबपेजवरचा फॉर्म आहे' अशी चिकटपट्टी लावतं. मी आत जेसन भरलं होतं आणि बाहेर चिकटपट्टी फॉर्मची. हे कळायला मला वीस मिनिटं लागली. या विषयावर मी तेरा दिवस टिपण लिहिलं होतं, हे वाचकांनी कृपया विसरू नये.

"काय झालं साहेब?" नाना फोनवरच होते. मागे कॅनची खणखण चालू होती.

"काही नाही. डब्यावर चिठ्ठी चुकीची लागली."

"चिठ्ठीचं काय घेऊन बसलात? आमच्याकडं माणूस कॅनवर काय लिहिलंय ते बघतच नाही. झाकण उघडायचं आणि वास घ्यायचा. आंबलं का नाही, तिथंच कळतं."

मला हसू आलं, कारण वेबचा एक जुना वाद नानांनी एका झाकणात आणून ठेवला होता. ब्राउझरही एके काळी सर्रास असंच करायचे. सर्व्हरने 'हा साधा मजकूर' असं सांगितलं तरी आतल्या पहिल्या अक्षरांचा वास घेऊन ठरवायचे की छे, हे तर वेबपेज दिसतंय. याला त्या धंद्यात खरोखरच 'स्निफिंग', म्हणजे हुंगणं म्हणतात. पुढे लोक साध्या मजकुराच्या वेषात घातक कोड धाडू लागले आणि ब्राउझरचं नाक त्याला भुलू लागलं. तेव्हा इंटरनेट एक्स्प्लोरर ८ च्या वेळी एक नवी ओळ आली, तिची किंमत फक्त 'नोस्निफ'. हुंगू नये. हे मी नानांना सांगितलं.

"मग आंबल्यालं दूध गेलं तर कोण भरून देणार?" नानांनी विचारलं. मानक लिहिणाऱ्यांच्या समितीवर एक तरी दूध सचिव हवा होता.

एवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, "दूध नासलंय. खाली जाऊन पिशवी आण."

दूध संघाचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याच्या घरात दूध नाही, हा विनोद बायकोने केला नाही. तो तिच्या चेहऱ्यावर होता. मी फोनवरून पुन्हा एकदा कॅशे पुसला आणि क्रोम उघडत उघडत लिफ्टमध्ये शिरलो. दार बंद झालं, रेंज गेली. पान काही उघडलंच नाही. खाली येऊन पिशवी घेतली, सुट्टे नाहीत म्हणून दुकानदाराचं ऐकून घेतलं आणि वर येईतो नानांचे दोन मिस्ड कॉल. धडधडत्या छातीने फोन लावला.

"झालं साहेब! चालू झालं. पावत्या निघायला लागल्या."

"मग! म्हटलं होतं ना?" मी म्हणालो. काय म्हटलं होतं, ते मी विचारलं नाही, त्यांनीही नाही. टीमच्या ग्रुपवर मी 'समस्या सोडवली' असं टाकलं. कारण विचारणाऱ्याला 'कॅशेत गुंता होता' असं सांगितलं. ते योगायोगाने खरं होतं.

संध्याकाळचं संकलन साडेपाचला सुरू होतं. पाच पंचवीसला मला वाटलं, सकाळी लोकांचे हाल झाले, आता आपण आधीच सावध राहू. कॅशे पुसला. क्रोम उघडलं. चोची. धीर.

पाच बावन्नला नाना. "बंद."

या खेपेला मी काही बोलायच्या आतच ते म्हणाले, "साहेब, एक बोलू का? राग नका धरू."

"बोला."

"सकाळपासून मी वहीत लिहून ठेवलंय. संकलनाच्या रजिस्टरात शेरा नावाचा रकाना असतो, त्यात." आणि त्यांनी वाचून दाखवलं. मी ते जसंच्या तसं देतो, कारण माझ्या नोकरीत माझ्या कामाचं इतकं नेमकं मूल्यमापन कुणी केलेलं नाही.

"पाच चाळीस, बंद. सहा पाच, साहेबांनी पाहिले, बंद. सहा तीस, साहेबांनी पाहिले, बंद. सात दहा, साहेबांचा फोन लागेना, चालू. दिवसभर चालू. पाच पंचवीस, साहेबांचा मेसेज आला 'पाहून घेतले आहे'. पाच तीस, बंद."

वाचून झाल्यावर ते जरा थांबले. मग अगदी हळू, दुखणेकऱ्याला डॉक्टरांचं निदान सांगावं तसं म्हणाले, "साहेब, तुम्ही बघितलं की बिघडतंय."

मी हसून सोडून देणार होतो. पण त्या वहीत वेळा होत्या, आणि त्या माझ्या फोनच्या नोंदींशी मिनिटाला मिनिट जुळत होत्या. मी खुर्ची ओढली आणि क्रोम दरपत्रक मागायला जाताना चिठ्ठीवर नेमकं काय लिहितं, ते दोन आठवड्यांत पहिल्यांदा उघडून पाहिलं.

ती चिठ्ठी म्हणजे वरपक्षाची यादी होती. प्रथम टेक्स्ट/एचटीएमएल हवं. किंवा त्याचा कडक शिस्तीचा भाऊ एक्सएचटीएमएल चालेल. त्यानंतर अ‍ॅप्लिकेशन/एक्सएमएल, क्यू ०.९. मग अव्हिफ, वेबपी, एपीएनजी असली चित्रांची तऱ्हेतऱ्हेची वाणं. दुधाचा दर विचारायला आलाय आणि चित्रं मागतोय! आणि त्यांच्याही मागे '*/*', क्यू ०.८. काहीही चालेल, पण जरा मन मारून.

या यादीत जेसनचं नावच नाही. ते बसतं 'काहीही'मध्ये, म्हणजे ०.८. एक्सएमएलचं नाव घेतलेलं, म्हणजे ०.९. गेली कित्येक वर्षं आमचा सर्व्हर फक्त जेसन बोलत होता, म्हणून क्रोम मुकाट्याने 'काहीही' खात होतं. मी एक्सएमएलची लायब्ररी टाकली आणि क्रोमला एकदम आपली दुसऱ्या नंबरची आवड आठवली. फरक ०.१ चा. नानांच्या भाषेत एका पॉइंटचा. फॅट एका पॉइंटने बदलला की दर बदलतो, हे तिथल्या शाळकरी पोराला कळतं.

बरं, क्रोमने एक्सएमएल खाल्लं तर खाऊ दे, नानांना का वाढलं? कारण मधला कॅशे. कॅशे फक्त पत्ता बघतो, चिठ्ठी बघत नाही. मी कॅशे पुसायचो आणि पुसलेल्या पाटीवर पहिला हात माझाच पडायचा. माझं क्रोम एक्सएमएल मागायचं, कॅशे त्याची प्रत ठेवून घ्यायचा आणि पाठोपाठ येणाऱ्या प्रत्येक केंद्राला बारा तास तीच वाढायचा. नानांच्या अ‍ॅपच्या चिठ्ठीवर नुसतं '*/*' होतं. ते थेट सर्व्हरपर्यंत पोचलं असतं तर जेसनच मिळालं असतं, कारण 'काहीही' म्हणणाऱ्यापुढे स्प्रिंग बूट एक्सएमएलला रांगेच्या शेवटी उभं करतं. सात दहाला माझी लिफ्टमध्ये रेंज गेली, तेवढ्या वेळात कुठलं तरी केंद्र माझ्या आधी पोचलं आणि जेसनची प्रत बसली. माझं कर्ल थेट आतल्या सर्व्हरवर जायचं, त्याला कॅशे भेटायचाच नाही. चाचण्यांत कॅशे नव्हता आणि चिठ्ठ्या साफ अक्षरात लिहिलेल्या होत्या. म्हणजे मी सगळीकडे पाहिलं होतं. फक्त जिथे मी नाही तिथून पाहिलं नव्हतं.

एखाद्याची शंका असेल की चूक निदान निम्मी ब्राउझरची. मलाही तसं फार वाटलं. थोडा आधारही सापडला. सफारीच्या आणि सुरुवातीच्या क्रोमच्या मुळाशी असलेलं वेबकिट एके काळी चिठ्ठीवर एक्सएमएलला पूर्ण १ आणि वेबपेजच्या एचटीएमएललाच ०.९ द्यायचं. म्हणजे ब्राउझर असून म्हणायचा, वेबपेज नसलं तरी चालेल, एक्सएमएल बघा! इंटरनेट एक्स्प्लोररची तर वेगळीच तऱ्हा. मशीनवर ऑफिस टाकलेलं असेल तर त्याच्या चिठ्ठीवर एक्सेल आणि वर्डची नावं यायची, एचटीएमएलचं नाव मात्र नाही. वेबपेज आपलं 'काहीही'मधून. हे वाचून मला पाच मिनिटं बरं वाटलं. मग आठवलं की हे सगळं मला दोन आठवड्यांपूर्वीही माहीत होतं. यातला वेबकिटचा किस्सा माझ्या टिपणात पान ६ वर आहे.

त्या रात्री मी जुना कोड परत बसवला, कॅशे पुसला आणि हात मागे बांधून बसलो. बायको म्हणाली, "काय करतोयस?" म्हटलं, "बघत नाहीये."

सोमवारी मॅडमसमोर उभा राहिलो. सगळं सांगितलं, रजिस्टरसकट. मी म्हणालो, उपाय सोपा आहे, उत्तरावर 'व्हॅरी: अ‍ॅक्सेप्ट' अशी ओळ लावायची. ती वाचून कॅशेला कळतं की हा पदार्थ चिठ्ठीप्रमाणे बदलतो, दर चिठ्ठीची प्रत वेगळी ठेव.

"प्रत्येक ब्राउझरची चिठ्ठी सारखी असते?"

"नाही. क्रोमची वेगळी, फायरफॉक्सची वेगळी. आवृत्तीगणिकही बदलते."

"म्हणजे एका दरपत्रकाच्या पन्नास प्रती. मग कॅशे ठेवला कशाला?"

मी गप्प. त्यांनी दोन आठवड्यांपूर्वीची वही उघडून माझ्याकडे फिरवली. त्या दिवशी मी बोलत असताना त्यांनी एवढंच लिहिलं होतं: 'वेगळा पत्ता. याला दोन आठवड्यांनी सांगणे.'

मग मी अर्ध्या दिवसात वेगळा पत्ता केला. जुन्या पत्त्यावर फक्त जेसन, कुणीही कशीही चिठ्ठी आणो. नव्यावर फक्त एक्सएमएल. अशुद्ध, ओबडधोबड आणि कुठल्याही कॅशेला न बिघडवता येणारं. लेखा विभागाला कळवलं की तुमचं एक्सएमएल तयार आहे. उलट टपाली उत्तर आलं: 'धन्यवाद. हेच एक्सेलमध्ये मिळेल का? टॅलीत आम्ही हातानेच भरतो.' इंटरनेट एक्स्प्लोरर त्या खात्यात फार वर्षं राहिला असणार.

एक गोष्ट मात्र मी त्या दिवसापासून सोडली. पूर्वी कुणी "काय खाणार?" विचारलं की मी मोठ्या मनाने "काहीही चालेल" म्हणायचो आणि उपमा पुढे आला की तोंड पाडायचो. आता '*/*, क्यू ०.८, उपमा, क्यू ०' असं सरळ सांगतो. घरी आग्रह करत नाहीत. ४०६ देतात.

नवा कोड मंगळवारी रात्री सोडला. कॅशे पुसला. आता कितीही वेळा पाहिलं असतं तरी काही बिघडलं नसतं, हे मला कागदावर सिद्ध करता येत होतं. तरी पाहिलं नाही. बुधवारी पहाटे साडेपाचला आपोआप जाग आली, फोन पालथा घालून छताकडे बघत पडून राहिलो. सहा वाजले, सात वाजले, कुणाचा फोन नाही. सव्वाआठला नानांनी रजिस्टरच्या पानाचा फोटो धाडला. खाली त्यांची सही, वर लिटर, फॅट, एसएनएफचे रकाने भरलेले, आणि शेऱ्याच्या रकान्यात, नेहमीच्या निळ्या शाईत: 'साहेबांनी पाहिले नाही. सुरळीत.'